टाकलेली वाट

मराठीत ‘टाकणं’ हे क्रियापद आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. चहात साखर टाकतो, स्टेटस टाकतो, पोराला शाळेत टाकतो. पण ‘नवऱ्यानं टाकलेली’ असं कुणाबद्दल म्हटलं की तोच शब्द एकदम जड होतो. कारण तिथे नुसतं कुणी निघून गेलेलं नसतं. आधी काहीतरी कबूल केलेलं असतं आणि ते मोडलेलं असतं.

अमेरिकेत रेल्वेमार्ग कायमचा बंद करण्याला कायद्याच्या भाषेत ‘अबॅन्डनमेंट’ म्हणतात. सरळ मराठी करायचं तर ‘टाकून देणं’. तिथे मात्र हा शब्द अगदी फायलीतला आहे. कंपनीनं अर्ज करायचा, नोटीस द्यायची, तोट्याचे आकडे जोडायचे, ज्यांना हरकत आहे त्यांनी ती नोंदवायची, मग सरकारी मंडळ निकाल देणार. तिथल्या मालवाहू रेल्वे खासगी मालकीच्या. तरीही १९२० च्या कायद्यानं त्यांना बजावलं की रूळ तुमचे असले तरी मनात आलं म्हणून उचलता येणार नाहीत, ‘इंटरस्टेट कॉमर्स कमिशन’ची परवानगी लागेल. आणि कमिशननं बघायचं काय? तर लोकांची आजची किंवा उद्याची सोय आणि गरज.

‘उद्याची’ हा शब्द खरंच त्या कायद्यात आहे. पुढे कमिशन गेलं, त्याच्या जागी दुसरं मंडळ आलं, कलमांचे आकडे बदलले, पण तो शब्द अजून तिथेच आहे. मला गेले काही महिने या एका शब्दानं छळलंय. आजची गरज मोजता येते. तिकिटं मोजा, वाघिणी मोजा. उद्याची कशी मोजणार? आणि मोजता येत नाही म्हणून ती शून्य धरायची का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तीन वर्षांपासून सिॲटलजवळ राहतो. माझ्या टीमचं एक काम म्हणजे कंपनीच्या जुन्या सेवा बंद करणं. त्याबद्दल पुढे सांगतो. रेल्वेपर्यंत मी पोचलो सायकलमुळे. इथून पूर्वेला तासाभराच्या अंतरावर, कॅस्केड पर्वतात, स्नोक्वाल्मीचा बोगदा आहे. साडेतीन किलोमीटरहून थोडा लांब. आत दिवे नाहीत, ऐन जुलैमध्येही जॅकेट लागतं, छतातून पाणी ठिबकत असतं. डोक्याला टॉर्च बांधून लोक त्यातून सायकली नेतात. बराच वेळ पलीकडचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं दिसत राहतं आणि आपण पॅडल मारत राहतो.

सायकलवाल्यांसाठी एवढा डोंगर कुणी फोडणार नाही हे उघड आहे. तो फोडला ‘मिलवॉकी रोड’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे कंपनीनं. शिकागोची ही कंपनी १९०६ मध्ये पश्चिमेकडे मार्ग टाकायला लागली आणि १९०९ मध्ये प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर पोचली. दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, पाच पर्वतरांगा, तीन वर्षं. बोगदा त्यानंतरचा, १९१५ साली वापरात आलेला. आज त्याच वाटेवर वॉशिंग्टन राज्याची एक लांबलचक पायवाट आहे. रूळ १९८० नंतर निघाले.

इथे मला लगेच एक गोष्ट मान्य करून टाकायची आहे, म्हणजे पुढचं बोलणं प्रामाणिक होईल. हा मार्ग बांधायलाच नको होता, असं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. मिलवॉकी तिथे तिसरी होती. नॉर्दर्न पॅसिफिक १८८३ मध्येच पोचली होती, ग्रेट नॉर्दर्न १८९३ मध्ये. त्या विरळ वस्तीच्या प्रदेशात दोन रेल्वेंना पुरेल इतका माल नव्हता, तिथे तिसरी आली, तीही अंदाजापेक्षा कितीतरी पट खर्च करून. १९१६ मध्ये अमेरिकेत जवळपास ४ लाख किलोमीटर लोहमार्ग होते. आज साधारण सव्वादोन लाख आहेत. जे गेले त्यातले बरेच स्पर्धेच्या भरात शेजारी शेजारी टाकलेले होते. तेव्हा ‘अरेरे, किती रेल्वे बंद पडल्या’ असा सरसकट गळा काढायचं कारण नाही. काही कोड मुळात लिहायलाच नको होता, हे आम्हा लोकांना चांगलं कळतं.

पण रेल्वे आणि कोडमध्ये एक फरक आहे. रेल्वे माणसांना बोलावते.

पूर्व मोंटाना म्हणजे कोरडं, वाऱ्याचं माळरान. १९०९ च्या कायद्यानं तिथे एका कुटुंबाला ३२० एकरांपर्यंत जमीन मिळायला लागली, आणि रेल्वे कंपन्यांनी जाहिरातींचा धडाका लावला. या, गहू पिकवा, आमच्या गाडीनं पाठवा. लोक आले. पहिली काही वर्षं पाऊस बरा झाला, महायुद्धामुळे गव्हाला भाव मिळाला. १९१७ पासून दुष्काळ सुरू झाला आणि हजारो कुटुंबं जशी आली तशी निघून गेली. काही चिकटून राहिली. त्यांच्यासाठी मार्गालगत छोटी छोटी गावं होती. मेलस्टोन, इंगोमार, हार्लोटन. आयडाहोतलं एव्हरी हे गाव तर एका संचालकाच्या नातवाच्या नावावरून ठेवलेलं. इंगोमारची गोष्ट मी वाचली तेव्हा जरा थांबलोच. त्या गावात पिण्याजोगं पाणी नव्हतं. ते रेल्वे आणून द्यायची.

बिनपाण्याच्या जागी गाव वसवलं कारण गाडी होती. गाडीला गाव हवं होतं, गावाला गाडी. मग सत्तर वर्षांनी गाडीवाल्यानं हिशोबाची वही उघडली आणि म्हणाला, इथे फार कमी माणसं राहतात. हे वाक्य खरं आहे. पण ते म्हणण्याचा हक्क सगळ्यांना सारखा असतो का? बाहेरून आलेल्या पाहुण्यानं ‘इथे कशाला राहता’ म्हणणं वेगळं आणि ज्यानं आपल्याला हाताला धरून आणलं त्यानं म्हणणं वेगळं. लग्नाच्या उदाहरणानं सुरुवात केली ती याचसाठी.

आता ऱ्हास कसा होतो ते बघू. सरळ कारणं सगळ्यांना माहीत असतात. ट्रक आले. १९५६ नंतर सरकारी पैशानं देशभर इंटरस्टेट महामार्ग बांधले गेले. रेल्वे मात्र आपल्या रुळांची देखभाल स्वतः करायची, वर जमिनीवर मालमत्ता कर भरायची, आणि दर ठरवतानाही तिचे हात कमिशनच्या नियमांनी बांधलेले. १९७० मध्ये पेन सेंट्रल ही पूर्वेकडची महाकाय कंपनी दिवाळखोरीत गेली. मिलवॉकी एकटी बुडाली नाही, त्या काळात सगळंच बुडत होतं.

पण मिलवॉकीच्या शेवटच्या दहा वर्षांत एक वेगळी गोष्ट घडली. १९७० मध्ये शेजारच्या मोठ्या कंपन्यांचं विलीनीकरण होऊन बर्लिंग्टन नॉर्दर्न तयार झाली. त्या विलीनीकरणाला घातलेल्या अटींमुळे मिलवॉकीला पश्चिमेत नवे जोड मिळाले आणि तिच्याकडे येणारा माल वाढला. म्हणजे ग्राहक येत होते. रूळ मात्र त्यांना न्यायच्या अवस्थेत नव्हते. वरिष्ठांचं लक्ष दुसऱ्या एखाद्या रेल्वेत विलीन होण्याकडे होतं. ताळेबंद बरा दिसावा म्हणून देखभाल वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली, स्वतःचे डबे विकून तेच भाड्यानं घेतले गेले. स्लीपर कुजले की त्या टप्प्यात गाड्या हळू चालवायच्या, असा नियम असतो. असे टप्पे वाढत गेले. मालगाडी उशिरा पोचायला लागली की व्यापारी दुसरीकडे जातो. मग आकडे सांगतात, बघा, मागणी नाही.

हे ज्यांच्या गावाला मुक्कामी बस यायची त्यांना समजावून सांगायची गरज नाही. आधी बस रात्री नऊची साडेदहाला यायला लागते. मग आठवड्यातून दोनदा येतच नाही. लोक वडाप शोधतात, कुणी मोटारसायकल घेतं. मग एक दिवस ‘प्रतिसादाअभावी फेरी बंद’. प्रतिसाद कशाला द्यायचा होता, न आलेल्या बसला?

विजेची गोष्ट तर मला इंजिनिअर म्हणून सहन होत नाही. मिलवॉकीनं १९१५ ते १९२० च्या दरम्यान आपल्या डोंगराळ भागातला जवळपास हजार किलोमीटरचा मार्ग विजेवर नेला होता. वीज बरीचशी जलविद्युत केंद्रांतून यायची. उतारावरून येणारी गाडी ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत सोडायची, आणि ती चढणाऱ्या गाडीला मिळायची. आज आपण इलेक्ट्रिक कारच्या जाहिरातीत जे ऐकतो ते शंभर वर्षांपूर्वी तिथे रोज चालू होतं. फक्त विजेचे दोन तुकडे होते आणि मध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास खिंडार, जिथे इंजिन बदलावं लागायचं. ते खिंडार कधीच भरलं गेलं नाही. फेब्रुवारी १९७३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की वीज जुनी झाली, आता सगळं डिझेलवर. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. जून १९७४ मध्ये, त्या महागाईच्या ऐन मध्यात, शेवटची विजेची गाडी धावली आणि तांब्याच्या तारा भंगारात काढल्या गेल्या.

फेब्रुवारीत ऑक्टोबर कुणाला दिसतो? कुणालाच नाही. त्यासाठी मी कुणाला मूर्ख म्हणणार नाही. पण ऑक्टोबर उजाडल्यावरही थांबले नाहीत, हे मला कळत नाही. की कळतं? एकदा ‘हे जुनं’ असं स्लाइडवर लिहिलं गेलं की ती स्लाइड पुसणं तारा उतरवण्यापेक्षा अवघड असतं. मी अशा मीटिंगा पाहिल्या आहेत.

डिसेंबर १९७७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. न्यायालयानं नेमलेल्या विश्वस्ताचं काम देणेकऱ्यांचे पैसे वाचवणं हे होतं, आणि ते त्यानं केलं. कर्मचारी आणि माल पाठवणाऱ्यांच्या एका गटानं मार्ग स्वतः विकत घेऊन चालवण्याची योजना मांडली. कमिशननं ती व्यवहार्य नाही म्हणून फेटाळली. मार्च १९८० मध्ये मोंटानातल्या माइल्स सिटीच्या पश्चिमेकडचा जवळजवळ सगळा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, ‘स्टॅगर्स कायदा’ आला आणि रेल्वेंना दर ठरवायचं बरंच स्वातंत्र्य मिळालं. अमेरिकेतली मालवाहू रेल्वे त्यानंतर सावरली.

आता माझ्या कामाबद्दल. एका जुन्या सेवेची यादी माझ्याकडे आहे. छोटे दवाखाने अपॉइंटमेंट ठेवायला ती वापरतात. चारशेच्या आत दवाखाने उरलेत, बरेचसे अशा गावांतले की ज्यांची नावं मी नकाशावर शोधून बघितली. ती चालू ठेवायला दोन माणसांचा वेळ जातो. त्या दोन माणसांनी नवीन सेवेवर काम केलं तर लाखो लोकांना उपयोग होईल. हे गणित मला खोटं ठरवता येत नाही. ठरवायचंही नाही. रेल्वेचा विश्वस्त हेच गणित करत होता. दवाखान्यांच्या बाजूनं उगाच भावुक होऊन मी ती दोन माणसं अडकवून ठेवली, तर त्या लाखो लोकांमधल्या कुणाचंतरी काम अडलेलं असेल, फक्त मला त्याचा चेहरा दिसणार नाही. ‘थोड्यांसाठी बहुतांनी का सोसावं’ हा प्रश्न दुष्ट माणसाचा नाही. तो रोजच्या हिशोबाचा आहे.

पण या हिशोबात दोन वेगळ्या कृती एकाच रकान्यात घातल्या जातात, असं मला वाटायला लागलंय. गाडी थांबवणं ही एक कृती. वाट मोडणं ही दुसरी. पहिलीसाठी आजचे आकडे पुरेसे असू शकतात. दुसरीसाठी नाहीत, कारण दुसरी कृती आजच्या प्रवाशांबद्दल नसतेच. ती अशा माणसांबद्दल असते जी अजून स्टेशनवर आलेली नाहीत.

रेल्वेमार्गाची खरी किंमत रुळांत नसते. रूळ लोखंड आहेत, पुन्हा आणता येतात. शेकडो किलोमीटर लांब, जेमतेम तीस मीटर रुंद, चढउतार जपलेली, एकसंध जमिनीची पट्टी, ही खरी वस्तू. तिच्यासाठी हजारो मालकांशी बोलणी झालेली असतात, डोंगर फोडलेले असतात, पूल बांधलेले असतात. ती अखंड असते तोवर तिला किंमत. मध्ये दहा ठिकाणी तुटली की उरतात ते जमिनीचे चिंचोळे, निरुपयोगी तुकडे. आणि आज मोडली तर उद्या जुळवता येत नाही, कारण तोवर कुणाचं घर उभं राहिलेलं असतं, कुणी पट्टी नांगरून शेतात घेतलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रेकॉर्ड खोडताना बऱ्याचदा ते खरोखर खोडत नाही. ‘खोडलं’ अशी खूण करून ठेवतो. स्क्रीनवरून जातं, डेटाबेसमध्ये राहतं. थोडी जागा जाते. पण कुणी रडत आलं तर परत आणता येतं.

अमेरिकेला ही युक्ती रेल्वेसाठी १९८३ मध्ये सुचली. कायद्यात दुरुस्ती करून ‘रेलबँकिंग’ नावाची सोय केली गेली. गाडी बंद करा, हवं तर रूळ काढा, पण पट्टी तोडू नका. तिच्यावर पायवाट करा, लोक चालू देत, सायकली नेऊ देत. कायद्याच्या दृष्टीनं मार्ग ‘टाकलेला’ नाही, जपून ठेवलेला आहे, आणि उद्या गरज पडली तर रेल्वे परत येऊ शकते. असे मार्ग परत सुरू झाल्याची उदाहरणं मोजकीच आहेत, पण आहेत. मिलवॉकीला ही सोय मिळाली नाही. ती तीन वर्षं आधी गेली. वॉशिंग्टन राज्यानं आपल्या हद्दीतला बराचसा भाग विकत घेतला म्हणून माझा बोगदा उरला. कोलंबिया नदीवरचा बेव्हर्लीचा पूलही उरला, तो २०२२ मध्ये पायवाटेसाठी खुला झाला. मोंटानात मात्र बऱ्याच ठिकाणी पट्टी तुकड्या-तुकड्यानं वेगवेगळ्या मालकांकडे गेली.

स्नोक्वाल्मीच्या दक्षिणेला, त्याच पर्वतात, स्टॅम्पीड खिंडीतून जाणारा जुन्या नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग आहे. बर्लिंग्टन नॉर्दर्ननं तो १९८३ च्या सुमारास बंद केला. पण खिंडीतले रूळ जागेवरच ठेवले. गवत वाढलं, गंज चढला. पुढे आशियातून येणारा माल वाढला, उरलेल्या मार्गांवर गर्दी झाली आणि १९९६ मध्ये त्या खिंडीतून पुन्हा गाड्या धावायला लागल्या. एकाच पर्वतात, हाकेच्या अंतरावर, दोन बंद मार्ग. एक तेरा वर्षांनी उठून बसला. दुसऱ्यावर आम्ही सायकल चालवतो. सायकल चालवायला मला आवडतं, तक्रार नाही.

‘मोजता येत नाही ती उद्याची गरज’ वगैरे हे सगळं माझ्यासाठी पुस्तकी राहिलं नाही, याचं कारण मी लातूरचा आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलवर. लातुरात नळाला पाणी नव्हतं. टँकरवर भांडणं इतकी वाढली की पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये आईचा फोन आला. “अरे, रेल्वेनं पाणी आलंय,” ती म्हणाली, आणि मला आधी ते कळलंच नाही. मिरजेहून वाघिणींत पाणी भरून गाडी निघाली होती, पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. पुढच्या काळात ५० वाघिणींची गाडी यायला लागली. पाण्यावरून राजकारण भरपूर झालं, त्या पाण्यानं शहराची तहान किती भागली यावरही वाद झाले. ते असो. आमच्या गल्लीत कळशा भरल्या.

ती गाडी आली कुठल्या वाटेनं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. ही वाट बरीचशी बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. मग ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारकरी न्यायचे, कापूस आणि धान्य न्यायचं. लातूरच्या म्हाताऱ्या माणसांकडे तिच्या संथपणाचे भरपूर विनोद आहेत. उतरून, शेतात जाऊन, परत चढता यायचं वगैरे. हिशोबाच्या वहीत ही गाडी टाकून देण्याजोगी होती असं कुणी म्हटलं असतं, तर हसून मान डोलावणारे खूप भेटले असते. पण वाट टाकली गेली नाही. गेज रुंद करायचं काम टप्प्याटप्प्यानं, अतिशय रेंगाळत झालं आणि २०११ च्या आसपास मिरजेपर्यंत पुरं झालं. पाच वर्षांनी त्यावरून पाणी आलं.

गेज बदलण्याचा प्रस्ताव लिहिणाऱ्या कुठल्या अधिकाऱ्यानं फायद्याच्या रकान्यात ‘लातूरला पिण्याचं पाणी’ असं लिहिलं असेल, असं मला वाटत नाही. लिहिलं असतं तर वरच्या साहेबानं खोडलं असतं. इंगोमारचं पाणी वाचताना मी थांबलो ते यामुळे.

याच्या उलट टोकाला विदर्भातली शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. कापसासाठी टाकलेला हा मार्ग स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला, गाडी सरकारी रेल्वे चालवायची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत धावत होतं. आता गाडी नाही, आणि मार्ग रीतसर टाकलेलाही नाही. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या आहेत. नाव शकुंतला असल्यामुळे वाट बघणं नशिबी आलं, असा विनोद करायचा मोह होतो, पण त्या मार्गावरच्या गावांना तो ऐकून ऐकून कंटाळा आला असेल. वाट नुसती जपून भागत नाही, एवढं तिच्याकडे बघून कळतं. जपणं हे न ठरवण्याचं निमित्तही होऊ शकतं.

आणि जपण्याची किंमत कुणीतरी मोजत असतो. रेलबँकिंगविरुद्ध व्हरमाँटमधलं एक दांपत्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की आमच्या जमिनीतून रेल्वेला फक्त जायचा हक्क दिला होता, रेल्वे संपली, जमीन आमची. आमच्या अंगणातून अनोळखी माणसांनी सायकली का न्यायच्या? न्यायालयानं १९९० मध्ये कायदा वैध ठरवला, पण भरपाई मागायचा रस्ता खुला ठेवला, आणि पुढे त्यांच्या बाजूनं निकालही लागला. मला हा निकाल बरोबर वाटतो. सगळ्यांच्या उद्यासाठी एकाचं अंगण वापरायचं असेल तर सगळ्यांनी पैसे द्यायला हवेत. फुकट जपणूक म्हणजे कुणाच्यातरी डोक्यावर टाकलेलं ओझं.

आमच्या मीटिंगमध्ये मी मांडलं ते साधारण या निकालासारखं. सेवा बंद करा. पण त्याआधी सहा महिने तिचा वेग मुद्दाम पडू देऊ नका, नाहीतर शेवटचे आकडे आपणच बनवलेले असतील. दवाखान्यांना त्यांची सगळी माहिती साध्या, कुठेही उघडेल अशा फाइलीत द्या. त्या फाइलीची रचना सार्वजनिक ठेवा, म्हणजे कुणा दुसऱ्याला हे पुन्हा उभं करावंसं वाटलं तर वाट मोडलेली नसेल. आणि याचा खर्च दवाखान्यांकडून घेऊ नका. आपण त्यांना बोलावलं होतं, सुरुवातीची दोन वर्षं फुकट देऊन. मॅनेजर म्हणाली, किती खर्च येईल ते लिहून दे. लिहून दिलाय. दोन माणसांचे सात आठवडे. फायद्याच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, तो रिकामा ठेवलाय. मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे.